ट्रेलर कॅरव्हॅनचं बाहेरून सीलिंग : कोकणच्या पावसात कुठल्या सांध्याला काय लावायचं?

खाडीकाठ
टो करायचा ट्रेलर आहे, लांबी ४.५ मीटर, रुंदी २ मीटर. भिंती एफआरपीच्या (फायबरग्लासच्या) सँडविच पॅनेलच्या, आत प्लायची चौकट. छप्पर ॲल्युमिनियम पत्र्याचं, मधोमध एक आडवी शिवण. चारही कडांना आणि उभ्या कोपऱ्यांना ॲल्युमिनियमच्या अँगल पट्ट्या, स्क्रूवर बसवलेल्या. छपरात १४ इंची झडप एक, रूफ एसी एक, बाजूंना ॲक्रिलिकच्या तीन खिडक्या (अंदाजे ९०० × ५०० मिमी).
उभा असतो तारकर्लीच्या बाजूला, समुद्रापासून दोनेकशे मीटरवर, सुरूच्या झाडांखाली. कोपऱ्याच्या पट्ट्यांवर आधी कुणीतरी पांढरं सिलिकॉन फासलंय, ते आता कडेने सुटतंय आणि त्याखाली हिरवट काळं दिसतंय. हार्डवेअरवाला म्हणतो, "सिलिकॉनच घ्या, सगळ्याला चालतं." एप्रिल अर्धा गेलाय. कुठे काय, किती आणि कुठल्या क्रमाने?

जांभा_चिरा
सगळ्याला चालतं म्हणजे कशालाच नीट चालत नाही. आधी ते सिलिकॉन कुठलं होतं ते आठवतंय का बघा. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते ॲसिटॉक्सी. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ॲल्युमिनियम, जीआय (जस्त चढवलेलं लोखंड), झिंक प्लेटिंगचे स्क्रू सगळ्यांना खातं. आपल्याकडे खारी हवा आधीच ते काम करत असते, त्यात ही भर. न्यूट्रल क्युअर (आम्ल न सोडणारं) सिलिकॉन धातूला खात नाही, पण त्याची दुसरी खोड राहतेच: एकदा लागलं की त्याच्यावर रंग बसत नाही, दुसरं सीलंट बसत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा जुन्यावर धड चिकटत नाही. ज्या सांध्याची पाच वर्षांनी पुन्हा डागडुजी करावी लागणार तिथे ते लावणं म्हणजे पुढच्या माणसाच्या डोक्याला ताप.

तुमच्या ट्रेलरपुरतं सांगतो.

पट्ट्यांच्या खाली, खिडकीच्या फ्रेमच्या खाली, झडपेच्या फ्लँजखाली (बाहेरच्या सपाट कडेखाली), थोडक्यात दोन पृष्ठभागांच्या मध्ये स्क्रूने दाबलं जाणारं जे काही आहे तिथे ब्युटिल टेप. ३ मिमी जाड, २० मिमी रुंद. ती कधीच सुकून कडक होत नाही, कायम चिकट राहते, त्यामुळे पट्टी आणि पॅनेल वेगवेगळ्या गतीने सरकले तरी ती ताणून घेते. आणि उद्या पट्टी काढायची झाली तर जेलकोट (एफआरपीचा वरचा चकचकीत थर) न उपटता निघते. इथे पीयू (पॉलियुरेथेन) ग्लू लावू नका. तो इतका धरतो की पट्टी काढताना एफआरपीचा थर बरोबर येतो.

पट्टीच्या उघड्या कडेला, उन्हापावसात, एमएस पॉलिमर (हायब्रिड) सीलंट. उन्हात पांढरी पूड सुटत नाही, आकसत नाही, वर रंग बसतो. सिकाफ्लेक्सच्या रांगेत बघायचं तर ५२१ यूव्ही हे हायब्रिड आणि २२१ हे पॉलियुरेथेन. दोन्ही चांगली, पण २२१ सतत उन्हात उघडं राहिलं की वरून खडूसारखं होतं. ते आत लपलेल्या जागी किंवा रंगाखाली वापरा.

छपरावर झडपेच्या फ्लँजभोवती आणि स्क्रूच्या डोक्यांवर सेल्फ-लेव्हलिंग लॅप सीलंट. डायकॉर ५०१ त्यातलंच. आडव्या पृष्ठभागावर स्वतःच पसरून स्क्रूचं डोकं झाकतं. उभ्या भिंतीवर लावलंत तर ओघळून चाकापर्यंत जाईल.

छपराच्या मधल्या शिवणीवर मात्र नळीतलं सीलंट न वापरता सीलिंग टेप. १०० मिमी रुंदीची, इटर्नाबॉन्डसारखी. रोलरने दाबून बसवायची. पण ती एकदा बसली की काढणं मुश्कील, म्हणून खालचं आधी नीट करा.

रापण
हर्णे बंदरात होड्यांच्या सांध्याला पॉलीसल्फाइड वापरतात. खाऱ्या पाण्यात बुडून वर्षानुवर्षं टिकतं. मग ट्रेलरला का नको? दोन पैसे स्वस्तही पडेल.

जांभा_चिरा
रापणभाऊ, होडीत लाकूड, धातू आणि फायबर. ट्रेलरला खिडक्या ॲक्रिलिकच्या, झडपेचं झाकण आणि फ्लँज बऱ्याचदा एबीएस प्लास्टिकचा. पॉलीसल्फाइड या प्लास्टिकला लागलं की ते कडक होऊन तडकतं. पाण्याखालच्या सांध्यासाठी ते उत्तम, इथे कामाचं नाही. ॲक्रिलिकला पीयूसुद्धा जपून. ताण असलेल्या जागी केसासारखे बारीक तडे जातात. खिडकीच्या काचेला (म्हणजे ॲक्रिलिकला) काहीच लावायची गरज नसते, तिचं रबर वेगळं. सील करायची असते ती फ्रेम आणि भिंत यांच्यामधली जागा.

पागोळी
सीलंट कुठलं यापेक्षा खाली काय आहे त्यावर सगळं अवलंबून आहे, आणि किनाऱ्यावर खाली असतं मीठ.

समुद्रापासून दोनशे मीटरवर उभ्या पत्र्यावर रात्रीत खाऱ्या हवेचा थर बसतो, डोळ्याला दिसत नाही. लोक थिनरने पुसतात. थिनरने तेल निघतं, मीठ नाही. आयपीएनेही (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मीठ नीट निघत नाही. मीठ विरघळतं पाण्यात, म्हणून पहिली पायरी गोडं पाणी, साबणाचा थेंब, मऊ ब्रश, पुन्हा भरपूर गोडं पाणी. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचा हात तरी पिण्याच्या पाण्याने मारा. हे न करता वर सीलंट ओढलंत की ते मीठ हवेतलं पाणी खेचत राहतं आणि पकड आतून सुटते. वरून कड शाबूत दिसते, नखाने उचललं की अख्खी दोरी निघून येते.

आता ते जुनं सिलिकॉन. क्रम महत्त्वाचा आहे:

आधी प्लास्टिकची पटाशी किंवा जुन्या एटीएम कार्डाची कड घेऊन जेवढं निघेल तेवढं ओढून काढा. पट्टीचे स्क्रू काढून पट्टीच सोडवलीत तर निम्मं काम सोपं. मग सिलिकॉन रिमूव्हर जेल, डब्यावर लिहिलेली वेळ ठेवून खरवडा. नंतर दोन चिंध्या: एक आयपीएत भिजवलेली, दुसरी कोरडी, लगेच मागून. ओल्या चिंधीने नुसतं पुसून ते तसंच उडू दिलंत तर मळ फक्त जागा बदलतो. सगळ्यात शेवटी स्कॉच-ब्राइट (नायलॉनची घासणी) घासायचं आणि पुन्हा आयपीए. आधी घासू नका, सिलिकॉनचा तेलकट थर ओरखड्यांत भरून बसतो आणि मग निघत नाही.

निघालंय की नाही हे कसं कळणार? पाण्याचे थेंब शिंपडा. पाणी पातळ पसरलं तर जागा साफ. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब गोळा झाले तर सिलिकॉन (किंवा मेणाचं पॉलिश) अजून आहे, परत जेल. मग पूर्ण वाळवा. एसीटोन आणि एनसी थिनर (लॅकर रंगाचा) ॲक्रिलिक, एबीएस आणि रंगाच्या जवळ आणू नका.

खाडीकाठ
ताई, अळूच्या पानाची चाचणी करून बघितली. एका कोपऱ्यात थेंब गोल बसतायत, बाकी तीन साफ. म्हणजे तिथे परत जेल. आता माल किती आणू?

जांभा_चिरा
छपराच्या कडा १३ मीटर, चार उभे कोपरे प्रत्येकी २ मीटर धरून ८. झाले २१. तीन खिडक्या प्रत्येकी २.८ म्हणजे ८.४. झडप १.८. बेरीज ३१ च्या वर, तुकड्यांची नासाडी धरून ब्युटिल ३५ मीटर आणा.

एमएसची ३०० मिलीची नळी ६ मिमीच्या कोपऱ्यात (दोन्ही बाजू ६ मिमीचा त्रिकोणी थर) कागदावर १६ मीटर जाते, हातात १२ धरा. पट्टीच्या दोन्ही कडा म्हणजे ४२ मीटर, चार नळ्या. खिडक्यांना एक वेगळी. सेल्फ-लेव्हलिंगच्या दोन, कारण २५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड थर घातला की नळी चार मीटरला संपते. हायब्रिडची नळी घेताना वर छापलेली तारीख बघा. ही बहुतेक बनवल्यापासून ९ ते १२ महिन्यांत वापरायची असतात, आणि पत्र्याच्या दुकानात मेभर भाजलेली नळी त्याआधीच घट्ट होते. तशी नळी गनमधून दाणेदार आणि दोरीसारखी तुटत तुटत येते. परत करा.

एक फसवणूक टाळा. "ब्युटिल" म्हणून विकली जाणारी चंदेरी पाठीची काळी टेप बरेचदा डांबरी असते. डांबराचा वास येतो, टर्पेंटाइनची चिंधी लावली तर चिंधी तपकिरी होते. उन्हात ती वितळून ओघळते आणि एफआरपीवर डाग सोडते. खरं ब्युटिल करड्या किंवा पांढऱ्या रंगाचं मिळतं, ओढलं की च्युइंगमसारखी तार येते.

चौथा_गिअर
सांध्याची हालचालही विसरू नका. ॲल्युमिनियम अंशाला दर मीटर ०.०२३ मिमी वाढतं. सकाळच्या २४ अंशांपासून दुपारच्या ६० अंशांपर्यंत ४.५ मीटरचा पत्रा जवळजवळ पावणेचार मिमी लांबतो. खालची प्लायची चौकट त्यामानाने जवळपास जागची हलत नाही. हा खेळ रोज चालतो. शिवाय फोंडा किंवा आंबोली घाटाच्या वळणांवर खोकं पिळवटतं ते वेगळं.

म्हणून एपॉक्सी पुट्टीने फट भरायची सवय सोडा. ती दगड होते आणि पहिल्याच प्रवासात कडेने केसाएवढी फट सोडते. त्या फटीत पाणी केशाकर्षणाने आत ओढलं जातं, वरून मात्र काही दिसत नाही. सीलंटसुद्धा कड पातळ ओढून शून्यावर आणलं की तिथूनच फाटतं. फट ६ मिमीपेक्षा अरुंद असेल तर पटाशीने थोडी मोकळी करा, खोलवर फोमची दोरी (बॅकर रॉड) दाबा, वर रुंदीच्या निम्म्या खोलीचं सीलंट. फोमची दोरी घातली नाही तर सीलंट तिन्ही बाजूंना चिकटतं, ताणायला मोकळीक राहत नाही.

वेळ: भर दुपारी लावू नका. पत्रा फुगलेला, फट सर्वात अरुंद, आणि आतली गरम हवा थरात बुडबुडे काढते. अगदी पहाटेही नको, दव असतं. दव वाळल्यावर नऊ ते अकरा, सावलीत.

पागोळी
सहमत. पण मग एप्रिल-मे की पावसाळ्यानंतर? माझ्या मते खरा हंगाम दसऱ्यानंतरचा. ऑक्टोबरच्या उन्हाने चौकट वाळलेली असते, पत्रा फार तापलेला नसतो.

जांभा_चिरा
चौकट ओली असेल तर नक्की दसऱ्यानंतर. ओल्या प्लायवर बाहेरून टोपी घातली तर आतलं पाणी कोंडतं, चारच महिन्यांत भुसा. पण त्यांच्या पट्ट्या सुटल्यात आणि जून समोर आहे. सध्या पूर्ण काढून करा, फक्त मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत आटपा. वळवाच्या सरींच्या नेमक्या दिवशी पट्टी उघडी राहायला नको, म्हणून एका दिवशी एकच कड काढा.

सुरूबन
आधी ओल किती आहे ते मोजा. पण मॉइश्चर मीटरचे जे आकडे बाहेरच्या व्हिडिओंत सांगतात (१५ टक्क्यांखाली ठीक, २० च्या वर गळती) ते थंड कोरड्या देशांसाठी बरे. आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८५ ते ९० टक्के असताना लाकूड गळतीशिवायही १८ ते २० टक्के दाखवतं. म्हणून नुसता आकडा बघू नका. ट्रेलरच्या आतल्या एखाद्या फर्निचरच्या कोरड्या फळीवर मोजा, मग छपराच्या चारही कोपऱ्यांत, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, झडपेभोवती. फळीपेक्षा सहा-सात टक्के जास्त कुठे आलं तर तिथून पाणी येतंय.

आणि नळीने भरू नये अशा जागा:

खिडकीच्या फ्रेमच्या खालच्या बाजूच्या बारीक खाचा. तिथून पाणी बाहेर पडतं. लोक उत्साहात त्या बुजवतात आणि मग खिडकीच्या खोबणीत तळं साठतं.

रूफ एसीच्या बुडाभोवती. एसी आणि छप्पर यांच्यामध्ये फोमचं गॅसकेट असतं, ते चार बोल्ट आवळून निम्म्या जाडीपर्यंत दाबायचं असतं. गळतंय म्हटल्यावर बाहेरून सीलंटची रिंग ओढली तर एसीचं थेंबथेंब पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि ते आत येतं. गॅसकेट चपटं झालं असेल तर गॅसकेटच बदला.

पट्टीच्या खालच्या टोकाला जिथे पाणी निथळतं तिथेही शेवटची १० मिमी जागा मोकळी सोडा.

सुरूखाली उभा आहे म्हणताय. त्याच्या सुया सांध्यांत गच्च बसतात आणि ओल धरून ठेवतात, छपराची पन्हळ त्यांनी भरते. पंधरवड्याला मऊ झाडूने ओढून काढा. माडाखाली तर उभाच करू नका, नारळ आणि झावळी दोन्ही पत्र्याला खड्डा पाडतात आणि मग शिवण उकलते.

रापण
स्क्रूबद्दल कुणी बोललं नाही. पट्टी काढलीत की सगळे स्क्रू टाकून द्या. आत गंजलेला स्क्रू फुगतो आणि भोवतीचं सीलंट फोडतो. नवे एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ चे घ्या, ३०४ खाऱ्या हवेत तांबूस डाग सोडतं. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम ओलसर मिठात एकमेकांशी लागले की झीज ॲल्युमिनियमची होते, म्हणून प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना ब्युटिल किंवा सीलंट चोपडून मगच बसवा. भोक सैल झालं असेल तर ८ नंबरऐवजी १० नंबर. ड्रिलने शेवटपर्यंत फिरवू नका, शेवटचे दोन वेढे हाताने.

पॉप रिव्हेट असतील तर साधा पोकळ रिव्हेट मधून गळतो. बंद टोकाचे घ्या, नाहीतर डोक्यावर एमएसचा थेंब.

खाडीकाठ
ब्युटिल घालून स्क्रू आवळले की एमएस लगेच ओढायचं का?

जांभा_चिरा
नाही, इथेच घाई नडते. आवळल्यावर ब्युटिल हळूहळू बाहेर येत राहतं. मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे आवळा, दुसऱ्या दिवशी उन्हं तापल्यावर पुन्हा एकेक फेरी, चौथ्या दिवशी अजून एक. बाहेर आलेलं प्लास्टिकच्या पटाशीने कापा, आणि पट्टीच्या कडेपासून २ मिमी आत जाईल इतकं खणून काढा. एमएस ब्युटिलवर नीट चिकटत नाही. त्याला एका बाजूला पट्टीचा धातू आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ एफआरपी हवा.

मास्किंग टेप दोन्ही बाजूंना लावा, नोझल ४५ अंशात कापा, गन पुढे ढकलत भरा. मागे ओढलं तर खाली हवा राहते. दहा मिनिटांच्या आत बोट किंवा चमचा फिरवून, कातडी धरायच्या आधी टेप काढा. बोट ओलं करायला साबणाचं अगदी पातळ पाणी चालेल. स्पिरिट नको. ओल्या पीयूला अल्कोहोल लागलं की ते सुकायचंच थांबतं. काही सिलिकॉन सुकताना अल्कोहोल सोडतात, म्हणून सिलिकॉन आणि पीयू एकाच दिवशी शेजारीशेजारी वापरायचं नाही.

सुकण्याचा हिशेब: हवेतल्या ओलीवर सुकतं, म्हणून आपल्याकडे कातडी लवकर धरते, पण आतली जाडी दिवसाला २-३ मिमीच. ६ मिमीच्या थराला तीन दिवस तरी गाडीला जोडू नका.

चौथा_गिअर
उघडलेल्या नळीचं काय? या दमट हवेत आठवड्यात नोझल दगड होतं. नोझलच्या टोकात ब्युटिलचा गोळा दाबून बसवा आणि वर टेप गुंडाळा, दोन-तीन आठवडे निघतात. ट्रेलरमध्ये ठेवू नका, आतलं तापमान नळीला मारतं.

पागोळी
झाल्यावर पाण्याची चाचणी. पाइप घेऊन थेट छपरावर पाणी सोडलंत तर कुठून येतंय ते कळत नाही. खालून सुरू करा: आधी भिंतीचा खालचा भाग पाच मिनिटं, मग खिडक्या, मग पट्ट्या, शेवटी छप्पर. आत एक माणूस टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन. पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून जोराचा फवारा करू नका. मात्र बाजूने येणारी झड धरून एकदा खिडकीवर तिरपं पाणी मारा, कारण आपल्याकडे पाऊस वरून कमी आणि नैर्ऋत्येकडून आडवा जास्त.

खाडीकाठ
आणि जुलैत गळलं तर?

सुरूबन
गळलं तर त्यावर काहीही फासू नका, एवढं पहिलं. ताडपत्री छपरावर थेट आवळून टाकू नका, वाऱ्याने घासून एफआरपीची चकाकी आणि सीलंटची कड दोन्ही जातात. ट्रेलरपासून सुटी अशी सांगाड्यावर टाका, बाजू मोकळ्या. उघाडीत दोन तास मिळाले की जागा कपड्याने पुसा, हॉट एअर गन हात सोसेल इतकीच ठेवून वाळवा, वर ॲल्युमिनियम पाठीची ब्युटिल टेप गळतीच्या जागेच्या चारही बाजूंना ५० मिमी पुढे जाईल अशी, रोलरने दाबून. एमएस ओलसर जागेवर धरतं म्हणतात ते खरं, पण पाण्याचा थर दिसत असेल तर नाही.

दसऱ्यानंतर ती टेप काढा, मीटरने आतली चौकट वाळली का बघा आणि मग पट्टी उघडा. टेपचा चिकटा टर्पेंटाइनने निघतो, त्यावर आयपीए, आणि मग अळूच्या पानाची चाचणी पुन्हा.

रापण
व्हय म्हाराजा. आणि टेप लावलेल्या जागेवर मार्करने तारीख टाका, दसऱ्याला शोधत बसावं लागत नाही.